सात नंबरच्या गाळ्यातली खंडेनवमी

मीटिंगमध्ये कोणी ‘स्पेस’ म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. दीड वर्ष मी तो शब्द ऐकला. गाळा म्हणजे स्पेस, अंगण म्हणजे ओपन स्पेस, आणि जिथे आम्ही रबराच्या दुधाची पिंपं उतरवायचो ती मोडकी पडवी म्हणजे म्हणे ट्रान्झिशनल स्पेस. एकदा मी विचारलं, या सगळ्यात बायकांचा संडास कुठे आहे? तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच तिथे काहीतरी घाण केली आहे. नकाशात संडास नव्हता. बांबूचं बेट मात्र होतं.

पहिल्यापासून सांगतो. डहाणू रोड स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर फुग्यांच्या कारखान्यांची एक गल्ली आहे. आहे म्हणजे होती. जत्रेतला, वाढदिवसाचा, दुकानाच्या उद्घाटनाचा फुगा कुठून येतो याचा विचार कोणी करत नाही. आमच्याकडून जायचा. त्यातल्या एका फॅक्टरीत मी सव्वीस वर्षं सुपरवायझर होतो. अमोनियाचा वास इतका अंगात मुरलेला की नव्या नवरीने, म्हणजे आमच्या हिने, पहिल्या आठवड्यात मला दोनदा आंघोळ करायला लावली आणि मग नाद सोडला. गल्लीतलं गटार ज्या रंगाचं वाहील त्यावरून कळायचं की आज कुठल्या रंगाची ऑर्डर आहे. हे काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही, पण होतं ते असं होतं.

मग काही नियम आले, काही बाहेरचा स्वस्त माल आला, आणि काही मालकांच्या मुलांना फुग्यांची लाज वाटायला लागली. एकेक शटर खाली आलं. आमचं सगळ्यात शेवटी. त्यानंतर कितीतरी वर्षं गल्लीत कुत्री आणि एरंडाची झाडं यांच्याशिवाय कोणी नव्हतं.

आणि एक दिवस आमच्या जुन्या मालकांचा नातू परत आला. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच बोलणार आहे. बाहेर शिकून आलेला, मराठी बोलताना मधेच गुजरातीत घसरणारा, आणि कुठल्याही अडचणीवर एकच उत्तर असलेला, ‘अरे काका, थई जशे!’ म्हणजे होऊन जाईल. गल्लीतल्या सगळ्या वारसांना त्याने एकत्र केलं. पुढच्या बाजूला दुकानं, वरच्या माळ्यांवर राहायच्या खोल्या, मधल्या शेडमध्ये चित्रकारांचे आणि कुंभारकाम करणाऱ्यांचे स्टुडिओ, मोठ्या गोदामात नाटकं आणि गाणी. आर्ट डिस्ट्रिक्ट. एक समिती झाली. त्यात तो, एक आर्किटेक्ट बाई, मुंबईहून येणारे एक कलासल्लागार, वारसांपैकी दोघे, आणि स्थानिक प्रतिनिधी म्हणून मी. स्थानिक प्रतिनिधीचं काम काय? तर मीटिंगच्या शेवटी सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी ‘चालेल’ म्हणायचं.

सुरुवातीला मी उत्साहात होतो, खोटं कशाला बोलू? मरून पडलेली गल्ली कोणी झाडून काढतंय, दिवे लावतंय, याचा आनंद होणारच. पण आनंद टिकला तो भिंतींचं काम निघेपर्यंत. आधी भिंतींचं सगळं जुनं प्लास्टर काढलं, कारण ते धोकादायक होतं. बरोबर. मग नवं प्लास्टर केलं. तेही बरोबर. आणि मग दोन गवंडी लावून ते नवं प्लास्टर जागोजाग खरवडलं, कारण भिंत जुनी दिसायला हवी! मी त्या गवंड्याला विचारलं, ‘अरे, काय चाललंय?’ तो म्हणाला, ‘मला कशाला विचारता, तुम्ही कमिटीत ना?’ घरी येऊन हिला सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुम्हालाही खरवडून घ्या, पूर्वीसारखे दिसाल.’

बाहेरच्या लांब भिंतीवर मुंबईच्या कॉलेजातल्या मुलामुलींनी पांढऱ्या रंगात वारली चित्रं काढली. तारपा, नाच, झाडं, शिवाय एक ड्रोन. ते ड्रोन बघून सल्लागारांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

या सगळ्यात माझा जीव एकाच ठिकाणी अडकला होता, सात नंबरच्या गाळ्यात. गल्लीच्या टोकाचा हा गाळा म्हणजे आमचं डुबवणी खातं. तिथे आमचं सगळ्यात जुनं, हाताने चालणारं यंत्र अजून उभं होतं. बाकीची यंत्रं भंगारात गेली, पण हे भिंत फोडल्याशिवाय बाहेर निघेना, म्हणून राहिलं. एका फळीवर फुग्यांचे साचे उलटे टांगलेले असतात. एकाने चाक फिरवायचं, म्हणजे साखळीने फळी खालच्या टाकीतल्या रबराच्या दुधात उतरते. दुसऱ्याने फळीची दांडी धरायची. तीन श्वास थांबायचं, आणि फळी वर येता येता मनगट असं वळवायचं की साचे तिरपे होऊन फिरतील आणि टोकाशी थेंब साठणार नाही. थेंब साठला की फुगा नेमका तिथेच फुटतो. चाक कोणीही फिरवेल. मनगट सगळ्यांना जमत नाही.

ज्यांना जमायचं त्या पाच बायका अजून होत्या. फॅक्टरी बंद झाल्यापासून त्या दुसऱ्यांच्या वाड्यांमध्ये चिकू उतरवायला जायच्या. लांब काठीला जाळी बांधलेली असते, ती वर धरून दिवसभर आभाळाकडे बघायचं. पन्नाशी उलटल्यावर हे काम करून बघा म्हणजे कळेल. त्यांच्यातली जी सगळ्यात जुनी, जिला आम्ही सगळे नुसतं ‘बाय’ म्हणायचो, तिची मान आता डावीकडे वळतच नव्हती. बाय बावीस वर्षं त्या दांडीवर होती. मला वाटलं, एवढे गाळे, एवढे स्टुडिओ, तर एक गाळा या पाचजणींना का नको? थोडे थोडे फुगे करतील, आलेल्या लोकांसमोर करतील, तिथेच विकतील. डोक्यावर छप्पर, मान वर करावी न लागणारं काम, आणि हातात असलेली विद्या.

मी हे मीटिंगमध्ये मांडलं. संडासानंतर पहिल्यांदाच ‘चालेल’ सोडून काहीतरी बोललो म्हणून असेल, सल्लागारांनी पेन खाली ठेवलं. आर्किटेक्ट बाई माझ्या बाजूने बोलल्या. नातवाने मात्र खरं ते सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्याला मानतो.

‘काका, सात नंबरसाठी कॉफीवाला तयार आहे. आजच्या आज सही करेल. पण तुम्ही म्हणताय तर एक करू. उद्घाटनाच्या दिवशी बायकांना फुगे करायला लावा, सगळ्यांसमोर. बाकीचे पार्टनर, गल्लीतले सगळे वारस, येतील, पाहुणे येतील. लोक थांबले, बघितलं, त्यांना आवडलं, तर गाळा तुमचा. नाहीतर कॉफी.’

आर्किटेक्ट बाईंनी तसं लिहून घेतलं. घोडामैदान जवळच होतं.

बाय आता वेवजीला, मुलीकडे राहते. गुजरातच्या हद्दीला लागून. मी गेलो तेव्हा ती ओट्यावर बसून वाल सोलत होती. मी सगळं सांगितलं. ती सोलतच राहिली. मग म्हणाली, ‘साहेब, मशीन चालंल?’

‘चालवू.’

‘चालवू नको बोलूस. चालतंय काय ते बघ, मग ये.’

मी बावीस वर्षं तिचा सुपरवायझर होतो, आणि बावीस वर्षं ती माझ्याशी अशीच बोलत आली. मी येऊन साखळी उतरवली, रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, चाकाचं बेअरिंग बदललं, टाकी घासली. मग तिने तीन अटी घातल्या. छप्पर गळता कामा नये, नळाला पाणी पाहिजे, आणि फोटो काढायला कोणी दांडीजवळ यायचं नाही. छप्पर आणि नळ झालं. तिसरी अट मी समितीला सांगितलीच नाही.

दोन रविवार सराव केला. वेवजीहून तलासरी, तलासरीहून चारोटी, चारोटीहून डहाणू, अशा तीन गाड्या बदलून बाय यायची, बाकीच्या चौघी वाटेत भेटत. पहिल्या रविवारी सगळे फुगे वाया गेले. दूध फार घट्ट झालं होतं. बाय बोट बुडवून, वास घेऊन म्हणाली, ‘याला पाणी पाज जरा.’ दुसऱ्या रविवारी मी चाकावर आणि ती दांडीवर उभी राहिली. फळी वर आली, तिचं मनगट वळलं, आणि साच्यांवर लाल रंगाची अशी सारखी साय धरली की मी चाक सोडायचं विसरलो. गाळ्यातल्या जुन्या भट्टीतून सुकवून काढून, शंखजिऱ्याची पूड लावून सोलला तेव्हा पहिला फुगा तिने स्वतः फुगवला आणि माझ्या कानापाशी नेऊन फोडला. पाचही जणी पोट धरून हसल्या. बायची मुलगी आली होती, तिने विचारलं, ‘मला शिकवशील ना?’ बाय म्हणाली, ‘जागा मिळू दे आधी.’

आता या कहाणीतल्या माझ्या कर्तबगारीकडे येतो.

उद्घाटनाची तारीख ठरवायची मीटिंग होती. सल्लागारांना एक तारीख जमेना, प्रमुख पाहुण्यांना दुसरी जमेना. नातू मोबाइलमध्ये बघत म्हणाला, ‘दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठेवू. लोक फेस्टिव्ह मूडमध्ये असतात.’ सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग सवयीप्रमाणे माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, ‘चालेल.’

दसऱ्याचा आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. ज्याने आयुष्यात हातात एखादं हत्यार धरून पोट भरलं आहे त्याला हे सांगावं लागत नाही. त्या दिवशी हत्यारं धुवायची, यंत्रं पुसायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचे हार घालायचे, नारळ फोडायचा आणि हात जोडून बाजूला व्हायचं. त्या दिवशी यंत्राला काम सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पुन्हा हात जोडून त्याला उठवायचं, थोडं का होईना काम करून घ्यायचं, आणि मग वर्ष सुरू. टेबलाभोवतीच्या त्या सगळ्यांनी लॅपटॉपशिवाय कशाला हात लावला नव्हता, त्यांचं सोडा. पण मी? सव्वीस वर्षं फॅक्टरीचे झेंडू मी स्वतः निवडून आणले. आणि माझ्या डोक्यात आलंच नाही. फॅक्टरी बंद झाल्यावर कसली खंडेनवमी? घरी फक्त हिच्या शिलाई मशीनला एक फूल चिकटवतो, तेही ती सांगते तेव्हा.

बायला फोन केला. म्हटलं, उद्घाटन दसऱ्याच्या आदल्या दिवशी आहे, सकाळी या. ती एकदम खूश झाली. ‘बरा दिवस काढलास रे साहेब. नवं लुगडं नेसून येऊ काय?’ मी म्हटलं, नवंच नेसा, पाहुणे आहेत. ‘नारळ मी आणते.’ मी म्हटलं, आण, आण. मला वाटलं, किती उत्साह आहे या बाईला! तिला वाटलं, साहेबाने किती विचार करून दिवस काढला. नवमीला पूजा, दसऱ्याला लोकांसमोर काम सुरू. बंद पडलेली फॅक्टरी उघडायला याहून चांगला मुहूर्त कुठला? आम्ही दोघं फोनवर पाच मिनिटं एकमेकांचं कौतुक करत होतो.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळपासून मला पुढच्या फाटकावर उभं केलं होतं, पाहुण्यांना गाडी कुठे लावायची ते दाखवायला. स्थानिक प्रतिनिधी! दहा वाजता कसाबसा सुटून सात नंबरकडे गेलो. दारातच पाय थबकला. यंत्र धुऊन लख्ख केलं होतं. चाकाला झेंडूचा हार, साखळीला आंब्याची पानं, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. टाकी कोरडी, आत दुधाचा थेंब नाही, मूठभर तांदूळ. साचे फळीवरून उतरवून पाटावर मांडलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर हळदीचं बोट. पाची जणी नव्या लुगड्यांमध्ये, केसांत फुलं, भिंतीला टेकून पाय पसरून बसलेल्या. बाय मला बघून म्हणाली, ‘नारळ तुझ्यासाठी ठेवलाय. दरसाल तूच फोडायचास ना.’

मला सगळं एका क्षणात कळलं.

मी तिच्याजवळ बसून हळू आवाजात सांगितलं, की आजच दाखवायचं आहे, आत्ता, लोक येताहेत. तिला आधी ते समजेचना.

‘आज? आज नवमी हाय.’

‘माहीत आहे. माझी चूक झाली. पण आजच करावं लागेल. एकदाच, एकच फळी.’

‘आज हात नाय लावायचा, साहेब.’

‘बाय, गाळा जाईल.’

तिने नारळ उचलून मांडीवर घेतला. मग माझ्याकडे बघत म्हणाली, ‘मोठ्या शेटने एकदा नवमीला मशीन लावायला सांगितलेलं. घाईची ऑर्डर होती. तवा तूच दारात आडवा उभा राहिलास. तूच बोललास, वर्षभर ते आपल्यापुढं राबतं, एक दिस आपण त्याच्यापुढं उभं राहायचं. आम्ही तवापास्नं कवा मोडलं नाय. आता तूच मोड बोलतोस?’

मोडलं नव्हतं खरंच. आणि ते वाक्य माझंच होतं. तेव्हा तरुण होतो, असली वाक्यं सुचायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तेवढ्यात वरात आत आली. प्रमुख पाहुणे, पार्टनर, सल्लागार, कॅमेरेवाले, शेपन्नास माणसं. ‘ओ हो! किती सुंदर!’ असं म्हणून प्रमुख पाहुण्यांनी मोबाइल काढला. सल्लागार तर वेडेच झाले. म्हणाले, ‘हे ठरवून केलंय का? इट्स अ परफॉर्मन्स!’ ज्याला हात लावायचा नाही त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो निघाले. मग नातू माझ्या कानाशी आला.

‘काका, चालू करूया ना? पार्टनर थांबलेत.’

‘आज खंडेनवमी आहे. आज चालत नाही.’

‘म्हणजे?’

मी सांगितलं. त्याचा चेहरा खाडकन उतरला. त्याच्या आजोबांच्या वेळेला तो लहान होता, त्याला पेढे आठवत होते, बाकी काही नाही. ‘पाच मिनिटं, काका. पाच मिनिटांनी देवाला काय होतंय? तुम्हीच तारखेला हो म्हणालात!’

हेही खरंच. त्या दिवशी सगळेच खरं बोलत होते.

मी उठलो आणि चाकापाशी गेलो. हार बाजूला सारला, चाकाला हात घातला. एक फळी बुडवली तरी पुरे होतं. कोपऱ्यात मी आदल्या दिवशी कालवून ठेवलेलं दूध तयार होतं, साचे चढवायला पाच मिनिटं. सल्लागार पुढे होऊन म्हणाले, ‘हँडल मी धरू का?’ मी बायकडे बघितलं. ती रागावली नाही. फक्त उठून बाजूला झाली आणि खाली जमिनीकडे बघत उभी राहिली, सुपरवायझरने शिवी दिल्यावर कामगार उभा राहतो तशी. बाकीच्या चौघीही उठल्या.

मी चाक सोडलं. हार होता तसा केला. आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, ‘आज यंत्राची पूजा आहे. उद्या दसरा. उद्या सकाळी या, आम्ही फुगे करून दाखवतो.’

टाळ्या पडल्या. उद्या यायला कोणाला वेळ होता? पाहुण्यांची दुपारची गाडी होती. पार्टनर घड्याळं बघत पुढच्या स्टुडिओकडे गेले, तिथे एक कलाकार चाकावर माठ करत होता. त्याला नवमीची अडचण नव्हती. मी नारळ फोडला. तो चांगला निघाला, यावर बायने समाधान मानलं.

दसऱ्याला सकाळी आठ वाजता पाची जणी पुन्हा आल्या. तीन गाड्या बदलून, सणाच्या दिवशी. यंत्र उठवायचं होतं ना! फाटकाला कुलूप. वॉचमन म्हणाला, आज सुट्टी, आणि सात नंबर उघडायचा नाही असं वरून सांगितलंय. मी नातवाला फोन लावला. तो म्हणाला, ‘काका, मंडेला बघू. सल्लागार बोलले की ते हार वगैरे जसंच्या तसं ठेवा, फार पॉवरफुल दिसतंय.’ मी त्याला फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. थई जशे, तो म्हणाला, जरा नरमाईने. बाय फाटकाबाहेर चिंचेखाली दुपारपर्यंत बसून राहिली. मग तिने माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, मी तिच्या पाया पडलो, आणि त्या निघून गेल्या. जाताना तिने त्या लांब भिंतीवरची, एरवी लग्नघरात काढतात तशी चित्रं पहिल्यांदा नीट बघितली. विचारलं, ‘यांच्यात लगीन कुणाचं हाय?’ मी म्हटलं, कुणाचंच नाही. ‘मग कशाला काढलंय?’ असं म्हणून ती रिक्षात बसली.

त्या मंडेला काही झालं नाही. पुढच्या महिन्यात सात नंबर कॉफीवाल्याला गेला. मी समिती सोडली. सोडली असं मी म्हणतो. मला बोलावणं बंद झालं, असं ही म्हणते. आर्किटेक्ट बाईंनी तेवढी मेहेरबानी केली की यंत्र हलवू दिलं नाही. ते कॉफीच्या दुकानात मधोमध आहे, भोवती जाड दोरी, आणि पाटी, ‘कृपया स्पर्श करू नये’. झेंडू वाळला तेव्हा त्यांनी कापडी झेंडूचे हार आणून घातले. कुंकवाच्या जागी लाल ऑइलपेंट. गल्ली आता खूप चालते, हे कबूल केलं पाहिजे. शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. संडासही बांधला, तो मात्र चांगला बांधला.

बाय परत चिकूंवर गेली. मला तिचा अधूनमधून फोन यायचा. गाळ्याबद्दल तिने एकदाही विचारलं नाही. मुलीच्या हाताशी काही काम लागलं का, बायची स्वतःची मान कशी आहे, हे मी विचारायचो. तिचा प्रश्न एकच, ‘उठवलं काय रे?’ मी नाही म्हटलं की ती म्हणायची, ‘बरं नाय ते.’ मला दर वेळी राग यायचा. तिचा नाही, माझा. तिने गाळा घालवला नव्हता. माझ्या एका ‘चालेल’ने घालवला होता.

मागच्या महिन्यात ती डोळे दाखवायला डहाणूला आली. काम झाल्यावर म्हणाली, मला तिथे ने. मी म्हटलं, कशाला मन खराब करून घेतेस? ती चालायलाच लागली.

दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. कोपऱ्यात एक जोडपं लॅपटॉप उघडून बसलं होतं. मी एक कॉफी सांगितली, दोघांत. बायने ती चाखली आणि माझ्याकडे सरकवली. मग उठून दोरीपाशी गेली. बराच वेळ बघत राहिली. हात लांब करून चाकावरचा हार चाचपला.

‘कापडाचा हाय.’

‘हो.’

‘हा वाळायचा नाय. मग याला कळंल कसं, दिस गेला ते?’

मला एकदम संताप आला. समितीचा, पाटीचा, कॉफीचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. मी दोरी उचलली आणि वाकून आत गेलो. गुडघा कटकन वाजला. कापडी हार काढून काउंटरकडे फेकला, यंत्राला हात जोडले आणि चाक धरलं. आधी हललंच नाही. मग दोन्ही हातांनी जोर लावला तशी साखळी करकरली, धूळ उडाली, आणि फळी खाली गेली, कोरड्या टाकीत. साचे पुन्हा तिच्यावर चढवलेले होते, शोभेला. मी मनात तीन श्वास मोजले. मग चाक उलटं फिरवलं.

फळी वर यायला लागली तेव्हा मी बायकडे बघितलं. ती दोरीच्या पलीकडे होती, दांडी तिच्या हातापासून चार हात लांब. पण तिचा उजवा हात वर गेला होता, आणि साचे टाकीबाहेर येता येता हवेतल्या हवेत तिचं मनगट वळलं. हळू, तिरपं, पूर्ण. थेंब साठू नये म्हणून.

‘सर! सर, टच नाही करायचं!’ काउंटरवरची मुलगी धावत आली. कोपऱ्यातल्या जोडप्याने लॅपटॉपवरून माना वर केल्या होत्या. दोघांनी बघितलं, आणि टाळ्या वाजवल्या.

बायने पदराने डोळ्यातलं औषध पुसलं. ‘झालं,’ ती म्हणाली. ‘चल आता, चारोटीची गाडी सुटंल.’